सोन्याचं जुनं नाणं हाती आलं तर…

मागच्या भागात आपण गटाचं अंतर्गत कर्ज देताना काय काय विचारायचं, यावर बोललो होतो. आजचा विषयही एका कर्जाच्या मागणीवरूनच निघाला. पण तो गेला थेट दीड हजार वर्षं मागं आणि समुद्रापलीकडं.

पोळ्यानंतरची गोष्ट. मी ज्या गावांत सहयोगिनी म्हणून काम बघते, त्यातल्या एका गावात मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या आणि अंगठे झाले, आणि एका मावशीनं चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. मावशी गटातली सगळ्यात जुनी सदस्य. एक हप्ता कधी चुकला नाही. एरवी तिला कुणी कारणही विचारलं नसतं. पण ठरावात कारण लिहावं लागतं, म्हणून अध्यक्षाताईनं विचारलं. मावशी आधी म्हणाली, "घरचं काम आहे." मग म्हणाली, "पोरीच्या लग्नाला सोनं घ्यायचंय. स्वस्तात मिळू लालंय."

सोनं आणि स्वस्तात, हे दोन शब्द एकत्र आले की माझे कान टवकारतात. हळूहळू सगळं बाहेर आलं. मावशीच्या दिराला बाजारात एक माणूस भेटला होता. तो म्हणे कुठंतरी खोदकामावर मजुरीला होता, तिथं हंडा लागला, हंड्यात सोन्याची नाणी. मालकाला कळू दिलं नाही. सराफाकडं न्यायची भीती वाटते, म्हणून निम्म्याहून कमी भावात देतो. विश्वास बसावा म्हणून त्यानं सोन्याचा एक तुकडा कापून दिला होता. दिरानं तो सराफाकडं नेला, सराफानं कसोटीच्या दगडावर घासला, तर सोनं अस्सल. शिवाय दोन अख्खी नाणी चार दिवस बघायला म्हणून ठेवली होती. ती मावशीनं पदराच्या गाठीतून सोडून सतरंजीवर ठेवली.

"हे बघा ताई. खंडोबा हाय त्याच्यावर."

आम्ही बारा जणी त्या नाण्यांवर वाकलो. पिवळीधमक, रुपयाएवढी. एका बाजूला टोप घातलेला माणूस, समोर तोंड केलेला, खांद्यावर भाला. त्याच्या हातात ढाल, आणि ढालीवर खरंच एक बारकासा घोडेस्वार, भाल्यानं खालच्या माणसाला मारणारा. आपल्याकडच्या बाईला दुसरं कोण आठवणार? मल्हारी मार्तंडच. दुसऱ्या बाजूला पंख असलेली उभी बाई, हातात उंच काठी. भोवती एबीसीडीतली अक्षरं.

माझं बी.ए. इतिहासात झालंय, पण खरं सांगते, मला त्यातलं काही कळलं नाही. मी एवढंच म्हटलं, कर्जाचा ठराव आठ दिवस पुढं ढकलू. मावशी रागावली. "तुमचं आठ दिवस होतील अन् तो दुसऱ्याला देऊन मोकळा होईल," असं म्हणून ती चहा न घेताच उठून गेली. मी दोन्ही नाण्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी परभणीला, कॉलेजात आम्हाला इतिहास शिकवणाऱ्या सरांकडं गेले.

सरांनी फोटो मोठा करून बघितला आणि हसले. "हा खंडोबा नाही. हा थिओडोसिअस. रोमचा बादशहा. दुसरा थिओडोसिअस." मग त्यांनी मला ते नाणं अक्षर अक्षर वाचून दाखवलं. ते मी तुम्हाला सांगते, कारण एकदा कळलं की अवघड काही नाही. एबीसीडी ओळखणारी आपली चौथीतली पोरगीसुद्धा वाचेल.

रोमचं राज्य पुढं पुढं इतकं मोठं झालं की एका ठिकाणाहून सांभाळता येईना. कॉन्स्टंटाईन नावाच्या बादशहानं इ.स. 330 मध्ये पूर्वेला नवी राजधानी थाटली, कॉन्स्टँटिनोपल. आज तिला इस्तंबूल म्हणतात, तुर्कस्तानात आहे. त्याच कॉन्स्टंटाईननं चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सोन्याचं नवं नाणं सुरू केलं. त्याचं नाव सॉलिडस, म्हणजे भरीव, पक्कं. रोमन लोकांच्या एका रत्तल सोन्यात बरोबर 72 नाणी पाडायची, असा नियम. म्हणजे एकेक नाणं साधारण साडेचार ग्रॅमचं, आपल्या हिशोबानं अर्ध्या तोळ्याला थोडं कमी. राजे बदलले, लढाया झाल्या, पण हे वजन पुढं सात-आठशे वर्षं जवळपास तसंच राहिलं. आपल्याकडं दर चार वर्षांनी नोटा बदलतात, त्या मानानं बघा.

आता नाण्याची पुढची बाजू. डावीकडून वाचायला सुरुवात करायची. पहिली दोन अक्षरं डी आणि एन. रोमन लोकांच्या भाषेत ती 'डॉमिनस नॉस्टर' या शब्दांची आद्याक्षरं, म्हणजे 'आमचे स्वामी'. त्यानंतर राजाचं नाव. इथं एक गंमत आहे. त्या काळी यू हे अक्षर वेगळं नव्हतं, त्याच्या जागी व्ही लिहीत. त्यामुळं नावाच्या शेवटी 'यूएस' ऐवजी 'व्हीएस' दिसतं. नावानंतर पी आणि एफ, म्हणजे धर्मनिष्ठ आणि भाग्यवान. शेवटी ए, व्ही, जी, म्हणजे ऑगस्टस, ही बादशहाची पदवी. सगळं मिळून झालं, 'आमचे स्वामी थिओडोसिअस, धर्मनिष्ठ, भाग्यवान, सम्राट'. आपल्याकडं लग्नपत्रिकेत नावाआधी चि. आणि मागं रावसाहेब लावतात ना, तसंच.

राजाचं नाव बदललं तरी ही मांडणी फारशी बदलत नाही. लिओ नावाचा बादशहा 457 ते 474 या काळात होता, अनास्टेसिअस 491 ते 518, त्याच्या मागून जस्टिन. सगळ्यांच्या नाण्यांवर टोप, भाला, ढाल आणि समोर बघणारा तोच गोलसर चेहरा. चेहऱ्यावरून राजा ओळखता येत नाही, नावावरूनच ओळखायचा. त्याच्या आधीच्या रोमन नाण्यांवर मात्र राजाचं तोंड बाजूला वळलेलं असतं, एकच डोळा दिसतो, आणि नाक-हनुवटी माणसागणिक वेगळी. त्यामुळं तोंड समोर आहे की बाजूला, एवढ्यावरूनही नाणं साधारण कोणत्या काळातलं याचा पहिला अंदाज येतो.

मागच्या बाजूची पंखवाली बाई म्हणजे विजयादेवी. रोमन लोकांची ती जुनी देवता. पुढं बादशहा ख्रिस्ती झाले, पण तिला त्यांनी नाण्यावरून उतरवलं नाही, नुसता तिच्या हातात उंच क्रूस दिला. मला हे फार आवडलं. घरात नवी सून आली म्हणून जुनी देवी देव्हाऱ्यातून कुणी काढत नाही.

तिच्या भोवती लिहिलं होतं, 'व्होट', मग दोन एक्स, मग 'मल्ट', मग तीन एक्स. जुन्या घड्याळावर दहाच्या जागी एक्स असतो, तोच हा. दोन एक्स वीस, तीन एक्स तीस. आणि 'व्होट' म्हणजे नवस! राजानं गादीवर बसून वीस वर्षं झाली, तो नवस फेडला. आता तीस वर्षांसाठी नवा बोलला. थिओडोसिअस लहान बाळ असतानाच, 402 मध्ये त्याला बादशहा म्हणून जाहीर केलं होतं. त्यात वीस मिळवा. म्हणजे हा ठसा इ.स. 420 ते 422 च्या सुमाराचा. नाण्यावर साल लिहिलेलं नाही, पण नवसावरून साल निघालं.

देवीच्या पायाखाली, रेघेच्या खाली, पाच अक्षरं असतात. सी, ओ, एन, ओ, बी. ही नीट लक्षात ठेवा, कारण या काळातल्या सोन्याच्या नाण्यावर सगळ्यात जास्त वेळा हीच दिसतात. 'कॉन' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, टांकसाळीचं गाव. 'ओबी' म्हणजे तावून सुलाखून शुद्ध केलेलं सोनं. इ.स. 368 च्या आसपास सरकारात जमा होणाऱ्या सोन्यात भेसळ फार व्हायला लागली, तेव्हा सगळं सोनं पुन्हा गाळून शुद्ध करायचा हुकूम निघाला आणि ही खूण सुरू झाली. आजचा हॉलमार्कच तो. शिवाय ग्रीक आकडेमोडीत याच अक्षरांचा अर्थ 72 असाही होतो, म्हणजे रत्तलात 72 नाण्यांचा हिशोबही त्यातच.

एवढं ऐकून मी खूश झाले. म्हटलं, सर, म्हणजे मावशीचं नाणं खरं! सर म्हणाले, "ठसा खऱ्याचा आहे. नाणं खरं आहे असं मी म्हटलं का? जा, जाडी बघ, वजन कर, आणि दोन्ही नाणी शेजारी ठेवून बघ."

हे मावशीसमोरच करायचं ठरवलं. तिचा राग गेला नव्हता, पण नाणी परत द्यायला अजून एक दिवस होता, म्हणून ती तयार झाली. गावातल्या सराफाकडं काट्यावर एक नाणं ठेवलं. चार ग्रॅमच्या वर भरलं. मावशीनं माझ्याकडं अशी बघितली, की आता बोल. पण मी नाणं आडवं धरलं आणि शेजारी आपला रुपया धरला. दोन्ही सारखेच जाड.

इथं जरा थांबून समजून घ्या. सोनं हा फार जड धातू आहे. एवढ्याएवढ्या आकाराचं सोनं आणि तेवढ्याच आकाराचं पितळ घेतलं, तर सोनं पितळेच्या दुपटीहून जास्त वजन भरतं. खरा सॉलिडस रुपयाएवढा रुंद असतो आणि साडेचार ग्रॅमचा असतो. तेवढ्या सोन्यात तो रुपयाएवढा जाड होऊच शकत नाही, जेमतेम निम्मा होतो. पातळ, पत्र्यासारखा, पण हातात घेतला की जड. पितळेचं नाणं तेवढंच वजनदार करायचं तर ते जाडच करावं लागतं. नुसतं वजन बघून फसाल. रुंदी, जाडी आणि वजन तिन्ही एकदम बघायचं. लोहचुंबक लावून बघायची पद्धत आहे आपल्याकडं, तिचा इथं काही उपयोग नाही. चुंबकाला सोनं चिकटत नाही तसं पितळही चिकटत नाही.

मग दोन्ही नाणी शेजारी ठेवली. एका नाण्यावर राजाच्या नाकाजवळ एक तिरपा ओरखडा होता. दुसऱ्यावर त्याच जागी, तेवढाच, तसाच ओरखडा. एकाच्या कडेला वरच्या बाजूला बारीक खाच. दुसऱ्याच्याही. मावशीनं स्वतःच ते बघितलं, मला बोट दाखवावं लागलं नाही.

जुनी नाणी ओतीव नव्हती. सोन्याची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून वरून हातोडा मारायचे. प्रत्येक वेळी चकती थोडी सरकायची, घाव थोडा कमीजास्त व्हायचा. त्यात पुढं दीड हजार वर्षं एकेक नाणं वेगळ्या हातांतून गेलेलं. दोन नाण्यांना एकाच जागी एकसारखी जखम होत नाही. झाली असेल तर एकाच साच्यात दोन्ही ओतलेली. ओतीव नाण्याची अजून एक खूण म्हणजे अक्षरं साबणाच्या वडीवरच्यासारखी मऊ, बोथट असतात आणि पृष्ठावर सुईनं टोचल्यासारखे बारीक खड्डे असतात. कडेला कधी जोडाची रेघ दिसते.

सराफानं नाण्याच्या कडेला हलकं घासलं, खालून पितळ निघालं. मग दिरानं तपासून आणलेला तो तुकडा? तो अस्सल होता आणि तीच सगळी मेख होती. तुकडा सोन्याचा द्यायचा, नाणी पितळेची. तपासलं एक, विकत घेतलं दुसरं. यात माल जुना म्हणून सांगतात, चोरीचा म्हणून सांगतात, म्हणजे घेणारा माणूस पोलिसांकडं जाणार नाही. मातीही लावून आणतात. एक सांगून ठेवते. शुद्ध सोन्याला माती काही करत नाही. जमिनीतून शेकडो वर्षांनी निघालं तरी ते पिवळंच निघतं. 'सोन्याच्या' नाण्यावर हिरवा गंज असेल, तर तो तांब्या-पितळेचा गंज आहे.

तो माणूस ठरल्या दिवशी आला नाही. त्याला कुठून कळलं माहीत नाही.

गोष्ट इथं संपली असती. पण परतताना माझ्या मनात एक प्रश्न राहिला, आणि तो बैठकीत बायकांनीही विचारला. कुठला तो बादशहा, कुठलं ते गाव, त्याचं नाणं आपल्याकडं जमिनीत सापडेलच कशाला?

सापडतं. शेजारच्या कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आलूर या गावी अशाच नाण्यांचा एक मोठा साठा निघाला. पाचव्या-सहाव्या शतकातल्या रोमन बादशहांची सोन्याची नाणी. त्याही आधीची रोमन नाणी तमिळनाडू, केरळ, आंध्र इथं भरपूर सापडली आहेत. कारण सोपं आहे. त्यांना आपला माल हवा होता. मिरी, मसाले, रंगीत खडे, मोती आणि कापड. पैसे मात्र त्यांना सोन्या-चांदीत मोजावे लागायचे. प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं पहिल्या शतकात तक्रारच लिहून ठेवली आहे, की हिंदुस्थान दरवर्षी आपल्या राज्यातून पाच कोटी नाणी ओढून नेतो, आणि तेही बायकांच्या हौसेसाठी. बायकांना बोल लावायची सवय जुनीच म्हणायची!

आणि हा माल फक्त दक्षिणेचा नव्हता. त्याच काळात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहिती लिहिली, तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात आपल्या पैठणचं नाव आहे, आणि तगर या गावाचंही. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. संत गोरोबाकाकांचं तेर. पैठणहून खडे आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचं, असं तो लिहितो. पैठण गोदावरीवर आहे, आणि तीच गोदावरी पुढं आपल्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड भागातून वाहते. म्हणजे रोमच्या बायका जे सुती कापड नेसायच्या, त्यातलं काही आपल्या मराठवाड्यातल्या कापसाचं, आपल्या पणज्यांच्या पणज्यांनी कातलेलं असणार, असं मला वाटतं.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. लामतुऱ्यांनी गावातल्या पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यातून ते उभं राहिलं. तेरच्या उत्खननांत आणि जुन्या वस्तूंत एक प्रकार असा आहे, की रोमन नाण्यासारखाच राजाचा चेहरा, पण भाजलेल्या मातीत. वर दोरा ओवायची सोय. गळ्यात घालायचे ते. सोन्याचं नाणं ज्यांना परवडत नसेल त्यांनी मातीचं घातलं असेल, असा माझा तर्क. आज आपण एक ग्रॅमचे दागिने घालतो, त्यातलीच गत.

थिओडोसिअसचं नाणं पडत होतं तेव्हा आपल्या भागावर वाकाटकांचं राज्य होतं. त्यांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशिम. त्यांच्या ताम्रपटात नंदिकट येतं, ते आपलं नांदेड. आणि त्याच पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याच्या लेण्यांत ती जगप्रसिद्ध चित्रं रंगवली जात होती. त्या चित्रांतल्या बायकांच्या गळ्यातले दागिने कधी जवळून बघा.

दक्षिणेत सापडलेल्या या काळातल्या बऱ्याच सॉलिडसना दोन भोकं असतात. राजाच्या डोक्याच्या वर, शेजारी शेजारी. का? गळ्यात घातल्यावर राजाचं तोंड सरळ राहावं म्हणून. आपल्याकडं नाणं आलं की ते पैसा म्हणून खर्च व्हायच्या आधी बाईच्या गळ्यात जायचं. काही तर आपल्याच सोनारांनी घडवलेली, नाण्याची हुबेहूब नक्कल, पण सोन्यातली. त्यावरची अक्षरं मात्र नुसत्या काड्या आणि गोल, कारण सोनाराला ती वाचता येत नव्हती. ती खोटी म्हणायची नाहीत. त्यात फसवणूक नव्हती, तो दागिना होता.

तुमच्या घरात सासूबाईंची पुतळ्यांची माळ असेल तर हीच रीत तुमच्या कपाटात आहे. पुतळी हे नावच नाण्यावरच्या उभ्या आकृत्यांवरून पडलं. इटलीत व्हेनिस नावाचं व्यापारी शहर आहे. तिथं 1284 पासून साडेतीन ग्रॅमचं सोन्याचं नाणं पाडायचे, डुकॅट. एका बाजूला संतापुढं गुडघे टेकलेला तिथला मुखिया, दुसऱ्या बाजूला लंबगोलात उभा येशू, भोवती चांदण्या. हे नाणं व्यापारातून इतकं आपल्याकडं आलं, की पेशवाईत त्याला सर्रास पुतळी म्हणायचे. मग सोनारांनी तशीच घडवली, आणि पुढं पुढं येशूच्या जागी लक्ष्मी आली.

आता महत्त्वाचं. खरंच कधी जमिनीत काही लागलं तर? शेततळं, विहीर, घराचा पाया, रोजगार हमीचं काम, खोदकाम तर आपल्या बायकाच करतात. पहिल्यांदा, घासायचं नाही. चिंच नाही, राख नाही, काही नाही. अक्षरांची झीज झाली की राजाचं नाव गेलं. दुसरं, मोडायचं किंवा वितळवायचं नाही. तिसरं, वाटून घ्यायचं नाही. यावर एक गोष्ट सांगते.

1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी गावाजवळ चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला होता, गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाचा. एकाचं नाणं दुसऱ्यानं पुन्हा ठोकलं, म्हणजे एकाचा खजिना दुसऱ्याच्या हातात पडला, एकानं दुसऱ्याला हरवलं. पैठणच्या सातवाहनांची ती मोठी लढाई अशी एका मडक्यातून पक्की झाली. नाणी एकत्र हाती आली म्हणून हे कळलं. एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती, तर नुसती चांदी उरली असती.

कायदाही माहीत असू द्या. 1878 चा निखात निधीचा कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, पण आजही लागू. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही जमिनीत पुरलेलं सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठं, कधी, हे लिहायचं. मग चौकशी होते, कुणाचा हक्क आहे का ते बघायला जाहीर नोटीस लागते. शंभर वर्षांत कुणी पुरल्याचं सिद्ध झालं नाही, आणि आधीचा काही करार नसला, तर सापडलेल्या वस्तूत शोधणाऱ्याचा वाटा तीन चतुर्थांश, जमीनमालकाचा एक चतुर्थांश. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश जास्त देऊन घेता येते.

तीन चतुर्थांश कुणाचा, परत ऐका. शोधणाऱ्याचा. कुदळ जिच्या हातात होती तिचा. मुकादमाचा नाही, पहिला हात घालून खिशात टाकणाऱ्याचा नाही. पण कळवलं नाही, तर हा वाटा जातो, आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणून सापडल्या जागीच चार जणींसमोर फोटो काढा, रुपया शेजारी ठेवून, म्हणजे आकार कळतो. मग सरपंच, तलाठी, कुणाला सांगायचं ते सांगा, पण अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय नाणं कुणाच्याही हातात देऊ नका. आणि 1972 चा एक कायदा आहे, त्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते परवान्याशिवाय विकायचा धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून फोनवर "जुनं नाणं द्या, लाखो घ्या, आधी नोंदणीचे पैसे भरा" असं सांगणारा माणूस आला, तर तो हंडावाल्याचाच भाऊ समजा.

त्या दोन पितळी नाण्यांचं काय झालं? तक्रारीसोबत ती पोलिसांत जमा केली. मावशी माझ्याशी महिनाभर नीट बोलली नाही. पैसे गेले नाहीत, पण चारचौघींत हसं झालं असं तिला वाटलं. मग नवरात्रात तिनंच मला घरी बोलावलं. कपाटातून सासूची पुतळ्यांची माळ काढून पाटावर पसरली, आणि चष्मा लावून एकेक पुतळी उलटीपालटी करून मला दाखवली. बहुतेकांवर लक्ष्मी. एक मात्र पातळ, झिजलेली, बाकीच्यांपेक्षा जरा वेगळी. तिच्यावर गुडघे टेकलेला माणूस दिसतो, आणि भोवती अक्षरं आहेत, अर्धी पुसलेली. ती आता मावशीनं माळेतून वेगळी काढून कुंकवाच्या करंड्यात कापसात ठेवलीय. येत्या सुट्टीत गट तेरला जायचं म्हणतोय, तेव्हा त्या पुतळीचा फोटो बरोबर घेऊन तिथल्या लोकांना दाखवायचं ठरलंय.